गुन्हेगारीचा शिक्का आणि तो पुसण्याचे कायदेशीर मार्ग : धाराशिव जिल्ह्यातील विमुक्त जमातींच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याला लागून असलेला सोलापूर जिल्हा मात्र ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात मोडत असे. तुळजापूर, नळदुर्ग, परंडा या भागांतील माळरानांवर पाल टाकून राहणाऱ्या पारधी, कैकाडी, भामटा, टकारी इत्यादी जमातींच्या दृष्टीने ही सरहद्द म्हणजे दोन पोलीस खात्यांमधील रेषा होती. एकदा झालेली शिक्षा माणसाच्या पुढील आयुष्यावर किती काळ सावली धरते आणि ती सावली दूर करण्यासाठी कायद्याने कोणते मार्ग दिले आहेत, हा प्रश्न सर्वच गुन्हेगारांना लागू आहे. परंतु या जिल्ह्यात त्याला वेगळा इतिहास आहे. येथे गुन्ह्याचा शिक्का न्यायालयाच्या निकालाने बसण्यापूर्वी जन्मानेच बसत होता. प्रस्तुत शोधनिबंधात या शिक्क्याचा इतिहास आणि तो पुसण्याच्या तरतुदी यांचा एकत्रित विचार केला आहे.

जन्माने सिद्ध झालेला दोष :

१२ ऑक्टोबर १८७१ रोजी ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा संमत केला. प्रारंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता मर्यादित होता. १९११ च्या कायद्याने तो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात, म्हणजेच मुंबई इलाख्यातही, लागू करता येऊ लागला आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. एखादी जमात गुन्हेगार आहे असे सरकारने अधिसूचनेद्वारे जाहीर केले की त्या अधिसूचनेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नसे. नोंदणी, बोटांचे ठसे, पोलीस पाटलाकडे किंवा ठाण्यात हजेरी आणि परवान्याशिवाय गाव न सोडणे ही त्याची अंगे होती. या कायद्यान्वये नोंदलेल्या व्यक्तीस ठरावीक गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा दोषी ठरविले गेल्यास, विशेष कारण नसेल तर, किमान सात वर्षे कारावास आणि तिसऱ्यांदा जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा होत असे. सर्वसामान्य चोराची दुसरी चोरी आणि नोंदलेल्या पारध्याची दुसरी चोरी या कायद्याच्या दृष्टीने दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या.

सोलापूर येथे याच कायद्याखाली वसाहत स्थापन झाली. मुंबई इलाख्यातील अशा वसाहतींच्या उभारणीत ओ. एच. बी. स्टार्ट या अधिकाऱ्याचा पुढाकार होता. गिरण्यांना मजूर हवे होते आणि सरकारला नजरकैद हवी होती. तारेच्या कुंपणाआड दोन्ही गरजा भागल्या. सोलापुरात आजही ‘सेटलमेंट’ हा शब्द वस्तीचे नाव म्हणून टिकून आहे. हैदराबाद संस्थानातही गुन्हेगार जमातींसाठी स्वतंत्र कायदा होता, त्यामुळे सरहद्द ओलांडल्याने सुटका होत नसे.

१९४९ मध्ये नेमलेल्या अय्यंगार समितीने १९५० मध्ये हा कायदा रद्द करण्याची शिफारस केली आणि त्यानुसार ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो संपुष्टात आला. हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. तथापि याच समितीने जातीचा विचार न करता सराईत गुन्हेगारांसाठी कायदा असावा असेही सुचविले होते. या दुसऱ्या शिफारशीचे परिणाम पहिल्या शिफारशीइतकेच दूरगामी ठरले.

सराईतपणाची मोजणी :

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर १९५९ चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा झाला. पाच वर्षांच्या सलग काळात अनुसूचीतील गुन्ह्यांसाठी किमान तीन वेळा कारावासाची शिक्षा झालेली आणि ती अपिलात रद्द न झालेली व्यक्ती म्हणजे सराईत गुन्हेगार, अशी त्याची व्याख्या आहे. वरवर पाहता ही व्याख्या निःपक्षपाती आहे. जमातीचा उल्लेख नाही. परंतु तिच्यात मोजला जातो तो कारावास. येथेच गरीब आरोपी अडकतो. जामीनदार न मिळालेला आरोपी काही महिने कच्च्या कैदेत काढतो, अखेरीस गुन्हा कबूल करतो आणि भोगलेल्या मुदतीइतकीच शिक्षा होऊन त्याच दिवशी घरी जातो. त्याला वाटते, सुटलो. वस्तुतः त्याच्या नावावर कारावासाची एक शिक्षा जमा झालेली असते. ज्याला जामीन मिळाला, वकील मिळाला, त्याच्या बाबतीत ही मोजणी सुरूच होत नाही.

याच जुन्या जिल्ह्यातील धनेगाव (लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला) येथील लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या १९८७ च्या आत्मकथनाने हे जग मराठी वाचकांपुढे आणले. त्यास १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

परिवीक्षेचा मार्ग :

भारतात ठरावीक मुदतीनंतर जुनी शिक्षा ‘संपली’ असे मानणारा सर्वसाधारण कायदा नाही. इंग्लंडमध्ये १९७४ पासून तसा कायदा आहे. येथे जे मार्ग आहेत ते विखुरलेले असून त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याचा आहे. कलम ३ नुसार पूर्वी शिक्षा न झालेल्या आरोपीस चोरीसारख्या किंवा दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात समज देऊन सोडता येते. कलम ४ नुसार मृत्युदंड वा जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर मुक्त करता येते. एकवीस वर्षांखालील आरोपीस कलम ६ अन्वये सामान्यतः तुरुंगात न पाठविणे हे न्यायालयाचे कर्तव्य असून, पाठवायचे झाल्यास कारणे नोंदवावी लागतात. आणि कलम १२ म्हणते की, या मार्गाने सोडलेल्या व्यक्तीस दोषसिद्धीमुळे येणारी अनर्हता लागू होणार नाही. शिवाय कारावासच न झाल्याने सराईतपणाच्या मोजणीतही हा निकाल येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या बक्षीराम प्रकरणात कलम १२ ची मर्यादा स्पष्ट केली. अनर्हता जाते, परंतु गैरवर्तनाबद्दल नोकरीतून काढण्याचा मालकाचा अधिकार जात नाही.

या कायद्याचा खरा अडसर कलम ४ च्या परंतुकात आहे. आरोपीचे किंवा त्याच्या जामीनदाराचे निश्चित निवासस्थान अथवा नियमित व्यवसाय आहे अशी न्यायालयाची खात्री झाल्याखेरीज त्यास सोडता येत नाही. गावाने हद्दीबाहेर ठेवलेल्या, शिधापत्रिका नसलेल्या पारध्याने निश्चित निवासस्थान कोठून दाखवावे? १८७१ पासून ज्या भटकेपणाला गुन्हा मानले गेले, तोच भटकेपणा १९५८ च्या दयाशील कायद्यात अपात्रता होऊन बसला. कायदा करणाऱ्यांचा हेतू तसा नव्हता, हे मान्य करूनही परिणाम तोच झाला.

तडजोडीचा मार्गही असाच अर्धवट उघडा आहे. तडजोडपात्र गुन्ह्यात फिर्यादीशी समेट झाल्यास त्याचा परिणाम निर्दोष सुटकेसारखा असतो. परंतु पूर्वीच्या दोषसिद्धीमुळे आरोपी वाढीव शिक्षेस पात्र असेल तर तडजोडच करता येत नाही. पहिली शिक्षा टाळणे म्हणूनच इतके निर्णायक ठरते.

राज्यपालांना अनुच्छेद १६१ अन्वये क्षमादानाचा अधिकार आहे. १९६४ मध्ये नौदल अधिकारी कावस नानावटी यांना राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी क्षमा केली, हे महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेले उदाहरण होय. तेथपर्यंत पोहोचणारा अर्ज लिहून घेण्यासाठी पदरी कोणीतरी असावे लागते, एवढेच येथे नमूद करणे पुरेसे आहे. शिक्षेत मिळालेली सूट दोषसिद्धी नाहीशी करीत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच ठरविले होते.

शाळेचा दाखला आणि नोंदी नष्ट करणे :

गुन्ह्याची नोंद प्रत्यक्ष नष्ट करण्याची तरतूद भारतात मुलांपुरती आहे. २००० च्या बाल न्याय कायद्यात ती कलम १९ मध्ये होती; २०१५ च्या कायद्यात ती कलम २४ मध्ये आहे. त्यानुसार बालकास अनर्हता लागत नाही आणि मंडळ पोलिसांना नोंदी नष्ट करण्याचा आदेश देते. सोळा वर्षांवरील ज्या मुलावर घृणास्पद गुन्ह्याबद्दल प्रौढ म्हणून खटला चालला, तो यास अपवाद आहे. हा लाभ वयाच्या पुराव्यावर अवलंबून असून, कलम ९४ नुसार शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्यास अग्रक्रम आहे. दाखला नसेल तर नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि शेवटी वैद्यकीय चाचणी. पालावर जन्मलेल्या मुलाकडे यांपैकी पहिले दोन्ही कागद नसण्याचाच संभव अधिक. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे १९९० च्या दशकात भटके विमुक्त विकास परिषदेने गिरीश प्रभुणे यांच्या पुढाकाराने पारधी व अन्य भटक्या मुलांसाठी निवासी शाळा उभारली. तिची चर्चा सामान्यतः शिक्षण आणि संस्कार या अंगाने होते. परंतु हजेरीपटावर नाव आलेल्या मुलास जन्मतारीख आणि पत्ता मिळतो, आणि फौजदारी कायद्याच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. एकेकाळी याच जमातींची हजेरी पोलीस ठाण्यात लागत होती.

अलीकडील न्यायनिर्णय :

सोलापूरचे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू इदाते यांच्या आयोगाने त्यानंतर विमुक्तांच्या स्थितीवर अहवाल दिले. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००७ मध्येच सराईत गुन्हेगार कायदे रद्द करावेत असे भारताला सुचविले होते. कायदे राहिले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने कारागृह नियमावल्यांतील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या आणि विमुक्त जमातींच्या व्यक्तींना मनमानी अटक होऊ नये असे पोलिसांना बजावले. त्याच वर्षी अमानतुल्ला खान प्रकरणात, मागास समाजातील निरपराध व्यक्तींची नावे केवळ जन्मामुळे हिस्ट्री शीटमध्ये येऊ नयेत याकडे न्यायालयाने सर्व राज्यांचे लक्ष वेधले.

हे अधिकार मागण्यासाठी वकील लागतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीस, तसेच कोठडीतील प्रत्येकास मोफत विधी साहाय्य मिळते. फासेपारधी अनुसूचित जमातीत असल्याने त्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातीच्या आधारे जाता येते. राजपारधी, पालपारधी व कैकाडी महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत असल्याने त्यांना जातीचा आधार मिळत नाही. कोठडीत नसतील आणि कायद्यातील अन्य कोणत्याही निकषात बसत नसतील तर उत्पन्नाची अट पूर्ण करावी लागते; मात्र त्यासाठी उत्पन्नाबाबतचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते.