वाऱ्यावर पोट भरणारी माणसं: पाजे किनाऱ्याची गोष्ट

परदेशात समुद्रकिनारी राहायचं, सकाळी काइट उडवायचा, दुपारी लोकांना शिकवायचं आणि त्यावरच पोट भरायचं. रील्सवर हे आयुष्य भारी दिसतं. आज आपण त्यामागचा इतिहास बघू. त्यासाठी जाऊया झांझिबारला, बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पाजे या गावात.

सुरुवात वाऱ्यापासून करू, कारण इथला खरा मालक तोच. स्वाहिली भाषेत इथल्या दोन वाऱ्यांना नावं आहेत, कास्काझी आणि कुसी. कास्काझी डिसेंबरच्या सुमारास ईशान्येकडून सुटतो. शेकडो वर्षं याच वाऱ्यावर अरबस्तान आणि हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून गलबतं झांझिबारला यायची. कापड यायचं, मणी यायचे. मग वारा फिरला, कुसी सुटला, की हस्तिदंत आणि लवंगा भरून तीच गलबतं माघारी. हा व्यापार एवढा मोठा होता, की १९ व्या शतकात झांझिबारच्या सुलतानाची जकात गोळा करण्याचा मक्ता जयराम शिवजी या कच्छी व्यापाऱ्याच्या पेढीकडे होता.

आणि हा कुसी आपल्या ओळखीचाच आहे बरं का! दक्षिण गोलार्धातून येणारा हा वारा विषुववृत्त ओलांडतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळतो आणि आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वारा म्हणून पोचतो. म्हणजे बघा, जून-जुलैत मालवणला होड्या वर ओढून झाकलेल्या असतात, मासेमारी बंद असते. त्याच दिवसांत, त्याच वाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, पाजेत काइट शिकवणाऱ्यांचा धंदा जोरात असतो.

आता काइटकडे येऊ. ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू हे फ्रान्समधल्या ब्रिटनीचे दोन भाऊ. त्यांनी १९८४ मध्ये हवा भरून फुगवायच्या पतंगाचं पेटंट घेतलं. साधा पतंग पाण्यात पडला की संपला. यांच्या पतंगाच्या पुढच्या कडेला हवेची नळी होती, त्यामुळे तो तरंगायचा आणि पाण्यातूनच पुन्हा उडवता यायचा. पण ही कल्पना विकत घ्यायला बरीच वर्षं कुणी पुढं आलं नाही. शेवटी १९९७ मध्ये त्यांनी स्वतःच ‘विपिका’ नावानं काइट बाजारात आणला. त्याच सुमारास हवाईच्या माउई बेटावर मानू बर्तिन, लेअर्ड हॅमिल्टन अशा मंडळींनी हा खेळ जगाला दाखवला.

आणि लगेच अपघात सुरू झाले. सुरुवातीच्या काइटची ओढ झटकन कमी करायची सोय जवळजवळ नव्हतीच. वीसेक मीटर लांब दोऱ्या, वर मोठा काइट, आणि वाऱ्याचा एक झोत आला की माणूस उचलून फेकला जायचा. प्रशिक्षक या पेशाची गरज इथून निर्माण झाली. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय काइटबोर्डिंग संघटना म्हणजे आयकेओ सुरू झाली आणि शिकवण्याची पद्धत, पायऱ्या, प्रमाणपत्रं ठरली. आधी वाऱ्यावर छोटा काइट सांभाळायचा, मग पाण्यात अंग ओढून घ्यायचं, मग फळीवर उभं राहायचं. २००५ च्या सुमारास बो काइट आले. बारची एक हालचाल केली की त्यांची ताकद उतरायची. खेळ सुरक्षित झाला, शिकणारे वाढले आणि प्रमाणपत्र म्हणजे जगभर चालणारा रोजगाराचा कागद झाला.

जगभर, पण वाऱ्यामागे! स्पेनचं तारिफा, ब्राझीलचं कुंबुको, व्हिएतनामचं मुई ने, श्रीलंकेचं कल्पिटिया. प्रत्येकाचा हंगाम वेगळा. पाजेत दोन हंगाम मिळतात, साधारण जून ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी. मधल्या महिन्यांत वारा पडतो, पण भाडं थांबत नाही. परदेशी माणसाला कामाचा आणि राहण्याचा परवाना काढावा लागतो. झांझिबारमध्ये १९६४ च्या क्रांतीनंतर जमीन सरकारी झाली, त्यामुळे शाळेसाठी जागा विकत नाही, भाडेपट्ट्यानं मिळते. त्यात ऊन आणि खारं पाणी काइटचं कापड खातात. २०२० मध्ये कोविडनं विमानं थांबवली तेव्हा वारा तोच होता, शिकणारे नव्हते.

पण या गोष्टीतली खरी माणसं अजून आलीच नाहीत. १९८९ च्या सुमारास पाजे आणि आसपासच्या गावांत समुद्री शेवाळाची शेती सुरू झाली. ओहोटीला पाणी मागं सरलं की बायका खुंट्या ठोकतात आणि दोऱ्यांना शेवाळाचे तुकडे बांधतात. त्यातून कॅरागीनन नावाचा घट्टपणा आणणारा पदार्थ काढतात. टूथपेस्ट आणि आइस्क्रीममध्ये तो असतो. अनेक बायकांच्या हातात स्वतःचा पैसा आला तो याच कामातून.

आणि जागा? तीच! प्रवाळाच्या कड्याआतलं उथळ, शांत पाणी. नवशिक्याला काइट शिकायला उत्तम आणि शेवाळालाही उत्तम. ओहोटीला शेत, भरतीला खेळाचं मैदान. पण दोऱ्या आणि खुंट्या भरतीतही पाण्याखाली असतातच. काइटवाल्याचा पाय त्यावर कापतो, बाईचं पीक फळीखाली तुटतं. शिवाय पाणी तापायला लागल्यावर चांगला भाव मिळणारं कोटोनी शेवाळ मरू लागलं. ते खोल, थंड पाण्यात जगू शकतं, पण तिथं शेती करायची तर पोहता यायला हवं आणि होडी हवी. अनेक बायकांकडे दोन्ही नाही.

म्हणून परदेशात धंदा उभा करताना पहिला प्रश्न भांडवलाचा वाटतो, पण त्याच्याही आधीचा प्रश्न आहे, की या पाण्यावर आपल्याआधी कोण उभं आहे? जी शाळा शेतांच्या हद्दी ओळखते, शिकाऊंना तिकडे जाऊ देत नाही आणि गावातल्या पोरांना फक्त काइट उचलायला न ठेवता प्रशिक्षक बनवते, तिची मुळं गावात धरतात. बाकीच्यांना वारा पडला की निघावंच लागतं.

गलबतवाल्यांना हे माहीत होतं. वारा फिरेपर्यंत त्यांना परक्या बंदरात महिनोन्‌महिने थांबावं लागायचं, म्हणून ते तिथली भाषा शिकायचे, नाती जोडायचे. आज विमानाचं तिकीट काढून कधीही निघता येतं, त्यामुळे ही गोष्ट विसरायला सोपी झालीये.

तुमच्या ओळखीत कुणी असं वाऱ्यामागे गेलंय का? हा एपिसोड त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!