आबालाल रहिमान : तेच तळे, रोज नवे

निसर्गचित्रकार म्हटले की आपण फ्रान्सच्या क्लोद मोनेचे नाव घेतो. त्याच काळात कोल्हापुरात आबालाल रहिमान काय करत होते, ते आज धाराशिवला बसून पाहू.

आबालाल मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, व्हाइसरॉय पदकाचे मानकरी ठरले. त्या वेळी मुंबईत व्यक्तिचित्रांना मागणी होती, पैसाही होता. पण हे गृहस्थ कोल्हापूरला परतले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना राजाश्रय दिला. मन मात्र रमले ते कोटितीर्थाच्या काठी. रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ, विषय बघा, फिरून फिरून तेच. जवळून पाहाल तर नुसते रंगाचे ठिपके. चार पावले मागे सरा, की पाण्यावर ऊन दिसते.

एकच जागा पुन्हा पुन्हा का रंगवायची? मोनेने 1892 ते 1894 या काळात रूआँच्या एकाच कॅथेड्रलची तीसहून अधिक चित्रे केली. आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारे इथे बौद्धांचा क्षणिकवाद काढतो : वस्तू क्षणोक्षणी वेगळी असते, 'तीच' हे आपण दिलेले नाव. आम्ही हे फळ्यावर लिहून समजावतो. चित्रकाराला ते रोज सकाळी समोर दिसते. नळदुर्गचा पाणीमहाल पावसाळ्यात आपण एकदा पाहतो, फोटो काढतो, म्हणतो, 'झाला बघून'. खरंच झाला का?

6 मे 1922 रोजी शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली पुष्कळ चित्रे कोटितीर्थात बुडवली, असे सांगतात. मोनेनेही आपली चित्रे फाडली, पण ती मनासारखी उतरली नाहीत म्हणून. आबालालांचे तसे नव्हते. ज्याने चित्राची कदर केली तोच गेला, मग चित्रे कुणासाठी ठेवायची? आम्हाला हे विसर्जनच वाटते. तो त्यांचा अधिकार होता. उरलेल्या चित्रांना वाळवी लागू देण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही.

1931 साली आबालाल गेले. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात त्यांची चित्रे आहेत. अंबाबाईच्या दर्शनाला आपण जातोच; पुढच्या खेपेला तासभर तिकडेही काढा. आणि एकाच चित्रापुढे जरा जास्त वेळ थांबा.