कड्यावर वाळलेलं यीस्ट

घरी हलकी एल बिअर करणाऱ्याला उन्हाळा नडतो. नेहमीचं एल-यीस्ट २० अंशांच्या आसपास खूश असतं. त्याहून फार गरम झालं की पेयाला नेलपॉलिशसारखा वास मारतो. पश्चिम नॉर्वेच्या शेतघरांतलं ‘क्वैक’ यीस्ट मात्र ३५ ते ४० अंशांच्या माल्टपाण्यात टाकतात. काही ठिकाणी टाकताना मोठ्यानं आरोळी ठोकायचीही रीत होती. दोन दिवसांत आंबवण उरकतं. व्हॉस भागातल्या क्वैकला तर संत्र्याचा सुवास येतो. एवढ्या थंड मुलखातल्या यीस्टला ही धग सोसते कशी?

माझं बोट एका लाकडी कड्याकडे जातं.

जुना इतिहास थोडक्यात: नॉर्वेच्या मध्ययुगीन गुलाथिंग कायद्यानं शेतकऱ्यांवर सणाची बिअर करण्याची सक्ती केली होती; रीतीप्रमाणे नाताळ आणि लग्नाला कडक होई, गवतकापणीला हलकी. १८८३ मध्ये कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या एमिल हान्सननं एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं आणि मोठ्या ब्रुअऱ्यांची वाट बदलली. शेतघरांनी आपलं जुनंच यीस्ट विरजणासारखं जपलं. खराब झालं की शेजाऱ्याकडून आणायचं.

पण विरजण रोज लागतं, बिअर मात्र वर्षातून मोजक्या वेळा. मधले महिने यीस्ट जगवायचं कसं? लाकडाचे तुकडे एकमेकांत अडकवून केलेलं कडं फेसाळत्या यीस्टमध्ये बुडवायचं आणि वाळायला टांगायचं. पुढच्या खेपेला तेच कडं माल्टपाण्यात सोडायचं. प्रत्येक वाळवणीत कच्च्या पेशी मेल्या, चिवट उरल्या. या चिवटपणात ट्रेहॅलोज नावाच्या साखरेचा मोठा वाटा असतो, आणि तीच साखर पेशीला उष्णतेतही सांभाळते. क्वैक हे ट्रेहॅलोज नेहमीच्या यीस्टपेक्षा जास्त साठवतं, असं प्रयोगशाळेतही दिसलंय. म्हणजे निवड झाली कोरडेपणासाठी, उष्णतेची ताकद फुकटात मिळाली!

प्रतिपक्ष म्हणतो, कडं कशाला मध्ये आणता? थर्मामीटर नव्हता, माल्टपाणी गार होण्याची वाट कोण बघणार, धारोष्ण दुधाइतकं कोमट असतानाच यीस्ट पडायचं. उष्णतेनंच उष्णतेचं यीस्ट निवडलं. शिवाय कित्येक घरांत ते वाळवत नसत, बाटलीत भरून विहिरीत सोडत. हा दुसरा मुद्दा मला खरोखर बोचतो. तरी माझा हट्ट असा, की बाटलीतलं यीस्टही कधीतरी कुणा शेजाऱ्याच्या कड्यावरूनच आलं असणार.

२०१८ च्या जनुकीय अभ्यासानं कोडं आणखी वाढवलं. क्वैक हा बिअर-यीस्टचा वेगळा गट निघाला, संकरित: एक पूर्वज ओळखीच्या बिअर-यीस्टच्या कुळातला, दुसरा बेपत्ता. वाळवणं सोसायची ताकद त्या बेपत्ता पूर्वजाचीच असेल, तर कड्यानं ती घडवली नाही, फक्त टिकवली. एवढी माघार मी घेतो.

आणि टिकवणंही सगळीकडे जमलं नाही: ट्रॉनहाइमजवळच्या स्ट्योरदालचे शेतकरी आजही माल्ट स्वतःच्या भट्टीत वाळवतात, पण त्यांचं जुनं यीस्ट कधीच हातचं गेलंय. ते दुकानातून पावाचं यीस्ट आणतात.