गालातून शिरलेली पहार

१३ सप्टेंबर १८४८, बुधवार. दुपार.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश नावाचं गाव आहे. गावाच्या दक्षिणेला रटलंड अँड बर्लिंग्टन रेल्वेच्या मार्गासाठी खडक फोडायचं काम चालू होतं. सुरुंग लावणाऱ्या टोळीचा मुकादम होता फिनीअस गेज, वय २५. खडकात भोक पाडायचं, त्यात दारू भरायची, वात सोडायची, वर वाळू ओतायची आणि मग पहारेने ठासायचं, असा कामाचा क्रम. आपल्याकडे विहिरीचा खडक फोडणाऱ्या जुन्या माणसाला विचारलंत तर तो या क्रमातल्या वाळूचं महत्त्व आधी सांगेल. लोखंड खडकावर घासलं की ठिणगी उडते, आणि दारू आणि ती ठिणगी यांच्यामध्ये वाळूखेरीज दुसरं काही नसतं.

गेजने ही पहार लोहाराकडून खास स्वतःसाठी घडवून घेतली होती. लांबी ३ फूट ७ इंच, जाडी सव्वा इंच, वजन सुमारे ६ किलो. एक टोक निमुळतं होत होत पाव इंचावर आलेलं.

दुपारी साडेचार.

मागे माणसं काम करत होती. तिकडे काय चाललंय हे बघायला गेजने उजव्या खांद्यावरून मान वळवली. भोकात दारू होती, वाळू पडायची राहिली होती. पहार खडकावर आपटली.

सुरुंग उडाला. निमुळतं टोक डाव्या गालातून, जबड्याच्या कोनाच्या जरा पुढून, आत शिरलं. वरच्या जबड्याचं हाड फोडून, डाव्या डोळ्याच्या मागून, कवटीचा तळ भेदून आणि मेंदूच्या पुढच्या भागातून पहार माथ्यातून बाहेर पडली. ती सापडली सुमारे ८० फुटांवर.

गेजची गोष्ट सांगताना लोक इथे थांबतात आणि मग थेट त्याचा स्वभाव कसा बदलला याकडे वळतात. मानसशास्त्राच्या पुस्तकांतून तो तसाच भेटतो. मला मात्र मधल्या तासांबद्दल लिहायचं आहे. कारण ते तास अजून संपलेले नाहीत. आपल्या महामार्गांलगतच्या प्रत्येक अपघात विभागात ते रोज नव्याने सुरू होतात.

काही मिनिटांनी.

तो उताणा पडला होता. हातपाय थोडा वेळ झटके देत राहिले. मग तो बोलला. माणसांनी आधार देऊन त्याला बैलगाडीत बसवलं आणि पाऊण मैल तो ताठ बसून गावातल्या आपल्या मुक्कामाच्या हॉटेलपर्यंत आला. गाडीतून जवळजवळ स्वतःच उतरला.

पाचच्या सुमारास.

डॉ. एडवर्ड विल्यम्स आले तेव्हा गेज व्हरांड्यात खुर्चीवर बसून भोवतीच्या माणसांना अपघात कसा झाला ते सांगत होता. डॉक्टर, तुमच्यासाठी इथे भरपूर काम आहे, असं त्यानेच त्यांना सांगितलं. विल्यम्सना गाडीतून उतरायच्या आधीच माथ्यावरची जखम दिसली होती. तिच्यात मेंदू ठोके देत होता. तरीही पहार डोक्यातून आरपार गेली, यावर त्यांचा विश्वास बसेना. इतक्यात गेज उठला आणि ओकला. त्या जोरासरशी अर्धी वाटीभर मेंदू जमिनीवर पडला.

सहा वाजता.

डॉ. जॉन मार्टिन हार्लो पोचले. वय अवघं २८. गेजने त्यांना लगेच ओळखलं. अंथरूण रक्ताने भिजून गेलं होतं. नाडी ६०, नियमित.

जखमेच्या आत काय झालंय ते बघायला हार्लोंकडे साधन कोणतं होतं? क्ष-किरण सापडायला अजून ४७ वर्षं होती, माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन निघायला १२३. त्यांनी उजव्या हाताची तर्जनी माथ्यावरच्या भोकातून खाली घातली आणि डाव्या हाताची गालातल्या भोकातून वर. दोन्ही बोटं मुळापर्यंत गेली. कुठेही अडली नाहीत. एका माणसाच्या चेहऱ्यापासून माथ्यापर्यंत आता मोकळी वाट होती.

त्या संध्याकाळी सगळ्यांचे डोळे माथ्यावरच्या भगदाडाकडे लागले असणार. पण गालाकडे नीट बघायला हवं. वरच्या जबड्याच्या हाडाच्या आत पोकळी असते आणि ती नाकाला जोडलेली असते. कपाळाच्या हाडातही अशाच पोकळ्या असतात. नाकाच्या छताचं हाड इतकं पातळ, की चाळणीच जणू; त्याच्या पलीकडे लगेच मेंदूची आवरणं आणि मेंदूभोवतीचं पाणी. चेहरा म्हणजे मेंदूच्या घराची पुढची भिंत. ती फुटली की नाकातोंडातले जंतू थेट आतल्या खोलीत जातात. १८४८ साली जंतूंचा हा हिशेब कुणालाच ठाऊक नव्हता. शल्यविशारद लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत जाहीर केली ती १८६७ साली.

हार्लोंनी हाडाचे सुटे तुकडे काढले, मोठे जागच्या जागी बसवले. निचरा व्हावा म्हणून माथ्यावरची जखम पूर्ण बंद केली नाही, गालावरची उघडी ठेवून वर साधी पट्टी लावली. डोकं उंच ठेवायला सांगितलं. त्या काळाच्या मानाने हे फार शहाणपणाचं काम होतं, असं माझं ठाम मत आहे.

रात्री साडेदहा.

पट्ट्या रक्ताने भिजल्या होत्या, पण रक्त कमी होत होतं. नाडी ६५. पाय सतत हलत होते. बुद्धी शाबूत. सोबत्यांची नावं, ते कुठे राहतात, सगळं गेज बरोबर सांगत होता. त्यांना भेटायला बोलावू नका म्हणाला, कारण एकदोन दिवसांत आपण कामावर जाणारच आहोत.

या नोंदीपाशी मी दर वेळी थबकतो. कारण हेच आपण रस्त्यावर ऐकतो. मोटरसायकल घसरली, तोंड फुटलं, दात पडले, गाल सुजला, आणि घोळक्यातलं कुणीतरी म्हणतं, ‘बोलतोय ना, मग काही नाही. तोंडालाच लागलंय.’ मग जखम शिवून माणसाला घरी नेतात. पण कवटीच्या आत हळूहळू साचणारं रक्त, मेंदूला येणारी सूज, फुटलेल्या हाडातून आत गेलेला संसर्ग, यांतलं काहीच पहिल्या तासात बोलून दाखवत नाही. जे हाड मोडायला एवढा जोर लागला, त्याच्या मागेच मेंदू आहे.

म्हणून कळकळीने सांगतो. चेहऱ्याचं हाड मोडलेलं असेल तर माणूस कितीही शुद्धीत असो, जिथे सीटी स्कॅनची सोय आहे तिथेच न्या आणि रात्रभर देखरेखीखाली ठेवायचा आग्रह धरा. हलवताना मान वळू देऊ नका. दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं वर्तुळ आलं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं पातळ वाहू लागलं, पुन्हा पुन्हा उलटी झाली, झोप अनावर झाली, बोलणं विस्कटलं, तर डॉक्टरांना ताबडतोब सांगा. नाकात बोळे कोंबू नका. त्याला नाक शिंकरू देऊ नका.

१४ सप्टेंबर, सकाळी सात.

थोडी झोप लागली होती. चेहऱ्याची सूज वाढत होती, बोलायला त्रास होत होता. नाडी ७०. ३० मैलांवरच्या लेबनन गावाहून आलेल्या आईला आणि मामा-काकांपैकी जे आले होते त्यांना त्याने ओळखलं. आपल्या टोळीवर आता मुकादम कोण आहे, हेही विचारलं.

१५ सप्टेंबर, रात्र.

तो बरळू लागला. शब्दाला शब्द लागेना. अपघाताला दोन दिवस झाले होते.

पुढच्या दिवसांत पुन्हा शुद्ध आली. आठवडाभर सुधारणा झाली, इतकी की हा माणूस वाचेल असं हार्लोंना पहिल्यांदाच वाटलं. ती सुधारणा टिकली नाही.

२५ ते २७ सप्टेंबर.

आता गेज आपणहून बोलेनासा झाला. हाक मारली तर एका शब्दात उत्तर. गुंगी दाट होत गेली. डावा डोळा आणखी बाहेर आला आणि त्याच्या कोपऱ्यातून आणि माथ्यावरच्या भोकातूनही सडलेला मांसल भाग बाहेर येऊ लागला. तोंडाला असह्य दुर्गंधी. घरच्यांनी शवपेटी आणि कपडे तयार ठेवले. शुश्रूषा करणाऱ्यांपैकी एकाने हार्लोंना विनवलं, की आता काही करू नका, त्याला सुटू द्या.

हार्लोंनी ऐकलं नाही. माथ्यावरचा सडलेला भाग कापून टाकला, सिल्व्हर नायट्रेट लावलं आणि जखमेपासून नाकाच्या मुळापर्यंत कपाळ चिरलं. आतून आठ औंस पू आला, म्हणजे जवळजवळ पेलाभर. इतके दिवस तो आत साचत होता.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गेज उठून बसला आणि खुर्चीपर्यंत एक पाऊल टाकलं. डाव्या डोळ्याची दृष्टी गेली ती कायमची. पुढे चिली देशात त्याने कित्येक वर्षं घोडागाडी हाकली, त्यामुळे तो जन्मभर वाया गेला असं सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण मेंदूवरच्या जखमेने त्याला सोडलं नाही. १८६० साली सॅन फ्रान्सिस्कोला घरच्यांकडे असताना त्याला झटके येऊ लागले. २१ मे रोजी तो वारला, अपघातानंतर जवळजवळ पावणेबारा वर्षांनी.

घरच्यांच्या संमतीने त्याची कवटी आणि ती पहार १८६८ साली हार्लोंच्या हाती आली. दोन्ही आज हार्वर्डच्या वॉरन शरीरशास्त्र संग्रहालयात आहेत. माथ्यावरचं भोक पूर्ण भरून आलेलं नाही.