कविसंमेलन आणि कविमंडळ : श्रोत्यांच्या इतिहासाची दोन प्रकरणे

आधुनिक मराठी कवितेचा इतिहास बहुधा काव्यसंग्रहांच्या व नियतकालिकांच्या आधारे लिहिला जातो. कविता कोणापुढे म्हटली गेली आणि तिचा निवाडा कोणी केला, हा प्रश्न त्यात गौण राहतो. वस्तुतः काव्याच्या घडणीशी त्याचा निकटचा संबंध आहे. १९०७ चे जळगावचे कविसंमेलन आणि १९२३ मध्ये पुण्यास स्थापन झालेले रविकिरण मंडळ यांचा एकत्र विचार केल्यास हा संबंध ध्यानात येतो.

संमेलनापूर्वी वीस वर्षे, म्हणजे १८८७ पासून, जळगावहून नारायण नरसिंह फडणीस यांचे 'काव्यरत्नावली' हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक निघत होते. केशवसुतांसारख्या कवींच्या रचना त्यातून प्रसिद्ध झाल्या. गावोगाव विखुरलेले कवी मासिकाच्या पृष्ठांवर एकत्र आले होते. संमेलनाने ते एकमेकांसमोर आले. १९०५ मध्येच निवर्तलेल्या केशवसुतांना हा प्रसंग पाहता आला नाही. कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या या संमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या किशोरवयीन कवीने आपली कविता म्हटली आणि अध्यक्षांनी त्यास 'बालकवी' ही पदवी दिली. ठोमरे १९१८ मध्ये वारले. त्यांचा काव्यसंग्रह निघाला तो त्यानंतर. ज्या नावाने मराठी वाचक त्यांना ओळखतो, ते अशा रीतीने ग्रंथामुळे नव्हे, तर सभेतील श्रवणामुळे प्राप्त झाले.

रविकिरण मंडळाचे स्वरूप निराळे होते. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर बाळकृष्ण रानडे, मनोरमा रानडे आदी मंडळी रविवारी चहाच्या निमित्ताने जमत, परस्परांच्या कविता ऐकत आणि त्यांवर चर्चा करीत. हेच कवी जाहीर काव्यगायनही करीत आणि त्यांतून कविता सामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोचली. कवितेला येथे दोन न्यायासने लाभली : एक जाणकार सोबत्यांचे, दुसरे सभागृहातील समुदायाचे. पहिले न्यायासन शब्द व वृत्त यांचे दोष दाखविते. दुसरे गेयतेस व सुगम भावनेस दाद देते. दोहोंची मागणी नेहमी एकच असते, असे नाही.

याच वर्तुळातील माधव जूलियन यांनी 'छंदोरचना' हा पद्यशास्त्रावरील ग्रंथ सिद्ध केला आणि त्याबद्दल १९३८ मध्ये त्यांना मुंबई विद्यापीठाची डी. लिट्. मिळाली. उलटपक्षी, कवितेतील ठराविक संकेत व लकबी यांवर आचार्य अत्रे यांनी 'झेंडूची फुले' (१९२५) मधील विडंबनांतून प्रहार केला. त्या विडंबनांची गोडी कळण्यास मूळ कविता कानांत घोळत असाव्या लागत. तेव्हा मंडळाच्या कवितेच्या प्रसाराचाही तो एक पुरावाच होय.

पुढे मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) या संग्रहाने वाचकाकडून एकान्तातील, थबकून केलेल्या वाचनाची अपेक्षा केली. त्यामुळे सभेतील कविता संपली मात्र नाही. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगांवकर यांच्या एकत्रित काव्यवाचनांनी ती परंपरा पुढे नेली. आणि तेथे गायनाची जागा वाचनाने घेतली, हा बदल अर्थपूर्ण आहे. सूर मागे सरला, तरी कवितेला समोर माणसे हवीच होती.

संमेलने कवितेचे बाह्य वैभव वाढवितात, एवढेच म्हणून त्यांची वासलात लावणे म्हणूनच इष्ट नाही. टाळी आणि टीका या दोहोंपुढे एकाच वेळी उभे राहण्याचा प्रसंग त्यांनी कवीवर आणला. त्या ताणाचा इतिहास हा कवितेच्या इतिहासाचाच भाग होय.