इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिषेध अधिनियम, 2019

इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिषेध अधिनियम, 2019 : बॅटरीवर तापणाऱ्या तारेच्या वेटोळ्याने सुगंधी द्रावाचे तुषार करून ते श्वासावाटे ओढण्याची सोय ज्या उपकरणांत असते, व ज्यांस बोलण्यात ‘व्हेप’ म्हणतात, त्यांचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांस संपूर्ण भारतात मज्जाव करणारा केंद्रीय कायदा (2019 चा 42). 18 सप्टेंबर 2019 रोजी मंत्रिमंडळाच्या संमतीनंतर प्रथम वटहुकूम निघाला. पुढे 27 नोव्हेंबरला लोकसभेने व 2 डिसेंबरला राज्यसभेने विधेयक मंजूर केले, आणि अधिनियमाचा अंमल वटहुकुमाच्या तारखेपासूनच धरण्यात आला.

होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने 2003 च्या सुमारास हे उपकरण आजच्या रूपात सिद्ध केले, तेव्हा धूम्रपानाच्या व्यसनात अडकलेल्या प्रौढास जळत्या तंबाखूच्या डांबरापासून दूर नेण्याचा हेतू त्यामागे सांगितला जात असे, आणि त्या हेतूत तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. परंतु पेन ड्राइव्हच्या घाटाचे, दप्तरात सहज दडणारे, आंब्याच्या वा पुदिन्याच्या स्वादाचे आणि निकोटिनच्या क्षारामुळे घशास फारसे न बोचणारे ‘जूल’सारखे उपकरण 2015 साली अमेरिकेच्या बाजारात आल्यावर गिऱ्हाइकाचे वयच पालटले. ज्याने जन्मात विडी ओढली नव्हती असा पोरगा त्याच्या आहारी जाऊ लागला. तेथील माध्यमिक शाळांच्या वरच्या चार इयत्तांत अशी उपकरणे वापरणाऱ्यांचे प्रमाण 2017 मध्ये 11.7 टक्के होते, ते 2019 मध्ये 27.5 टक्क्यांवर गेले. दरम्यान, डिसेंबर 2018 मध्ये, त्या देशाच्या सर्जन जनरलने या प्रकारास साथीचे नाव दिले. किशोरवयीन मेंदूची घडण पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असते आणि त्या काळात निकोटिन अवधान व स्मरण यांस बाधक ठरून व्यसनाची मुळे खोल रुजविते, हे या चिंतेचे शास्त्रीय कारण होय.

भारतात 2016-17 च्या प्रौढ तंबाखू-सर्वेक्षणात ई-सिगारेट वापरणारे 0.02 टक्के, म्हणजे जवळजवळ नव्हतेच. तथापि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे 2019 च्या श्वेतपत्रिकेत सर्वंकष बंदीची शिफारस केली. रोग अंगणात येण्यापूर्वीच कवाड लावून घ्यावे, असा तो विचार होता.

अधिनियमातील व्याख्या मुद्दामच ऐसपैस ठेवलेली आहे : द्रावात निकोटिन असो वा नसो, उपकरणाचे नाव व आकार काहीही असो, तंबाखू न जाळता तापविणारी साधने आणि ई-हुक्का यांसह सारे तिच्या कक्षेत येते, केवळ 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना मिळालेली उत्पादने वगळली आहेत. उत्पादन, विक्री किंवा जाहिरात यांसाठी पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, आणि पुनरावृत्ती झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. साठवणुकीस सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. झडतीचे व जप्तीचे अधिकार पोलीस उपनिरीक्षक, म्हणजे जुन्या भाषेतील फौजदार, किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यास दिलेले आहेत. ओढणाऱ्यास मात्र शिक्षा सांगितलेली नाही, आणि हे योग्यच झाले. कारण ज्या मुलाच्या रक्षणार्थ कायदा केला त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे शोभले नसते.

युरोपीय संघाने 2014 च्या निदेशान्वये निराळी वाट धरली : व्यापार चालू ठेवून द्रावातील निकोटिन दर मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमपर्यंत आणि भरणीची कुपी 10 मिलिलिटरपर्यंत मर्यादित केली. ब्रिटनने वापरून फेकावयाच्या व्हेपवर 1 जून 2025 पासून बंदी घातली, इतरांवर नाही. भारतात वैध विक्रीच नसल्याने वयाची अट, स्वादाचे निर्बंध, निकोटिनची कमाल मात्रा यांपैकी कशाचीच तजवीज करण्याचा प्रसंग आला नाही. पण चोरवाटेने आलेल्या मालात काय भरले आहे हे तपासण्याची नित्याची व्यवस्थाही त्यामुळेच उभी राहिली नाही. संपूर्ण बंदीचा हा उणेपणा नाकारण्यात अर्थ नाही. महाराष्ट्राने 2012 साली गुटख्यावर बंदी घातली, तरी पुड्यांची जप्ती अद्याप नित्याचीच आहे, हे ज्यांनी पाहिले त्यांस कायदा करणे आणि तो अमलात आणणे यांतील अंतर समजावून सांगण्याची गरज नाही.

भारतातील 2019 च्याच शालेय सर्वेक्षणात 13 ते 15 वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ई-सिगारेट कधीतरी ओढून पाहिलेले 2.8 टक्के, तर कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करणारे 8.5 टक्के आढळले. विडी व सिगारेट या अधिनियमाच्या बाहेर आहेत. 2003 च्या तंबाखू-नियंत्रण कायद्यानुसार अठरा वर्षांवरील गिऱ्हाइकास त्या शाळेपासून शंभर यार्डांपलीकडच्या टपरीवर आजही राजरोस विकता येतात.