माळरानावरील पतंगांच्या अळ्या (पिंपरी-चिंचवड ते चाकण)

पतंगाच्या जीवनक्रमातील अंड्यानंतरची खादाड अवस्था. अंगभर केस असलेल्या अळीला सुरवंट, तर पाठीची कमान करत चालणारीला उंटअळी म्हणतात. निगडीची दुर्गा टेकडी, दिघी-भोसरीचे उतार, देहूजवळचा भंडारा, चाकणजवळचा भामचंद्र येथील झुडपी माळावर पावसाळ्यात त्या शोधाव्यात.

ओळख : छातीखाली खऱ्या पायांच्या तीन जोड्या असतात, पोटाखाली मांसल पायांच्या बहुधा पाच, उंटअळीत दोनच. मांसल पायांच्या सहा किंवा अधिक जोड्या भरल्या, तर ती पतंगाची नव्हे, मुळा-मोहरीवर पडणाऱ्या काळ्या माशीसारख्या करवतमाशीची अळी समजावी. रंगावर मात्र विसंबू नये. कात टाकली की तो बदलू शकतो. आधी झाड ओळखावे, निम्मे काम तिथेच होते. करवंदावर शेपटाकडे शिंग असलेली अळी बहुधा नेफेली हेस्पेराची. कळलावीवरची काळी, पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांची अळी पॉलिटेला ग्लोरिओसीची. बागेतल्या लिलीचाही ती फडशा पाडते. खुळखुळ्याच्या शेंगेला भोक दिसले तर शेंग उकलून पाहावी. युटेथीझाची अळी आत कोवळे दाणे खात असते. त्यांतली विषारी अल्कलॉइडे ती अंगात साठवते, आणि ती पुढे पतंगालाही पुरतात. म्हणूनच पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके मिरवत तो भरदिवसा उडतो.

संगोपन : अळी फांदीसकट आणावी. केसाळ असेल तर हात लावू नये, खाज सुटते. बरणीच्या तोंडाला मलमल बांधावी, तळाशी कागद घालावा आणि विष्ठा रोज काढावी. डहाळी पाण्याच्या बाटलीत ठेवल्यास बाटलीचे तोंड कापसाने बुजवावे, नाहीतर अळी आत उतरून बुडते. पाला त्याच झाडाचा, ताजा हवा. कंपन्यांच्या आवारातल्या किंवा दुभाजकावरच्या झाडांवर फवारणी झालेली असू शकते, त्यांचा पाला टाळावा. खाणे थांबवून स्वस्थ बसलेली अळी आजारीच असते असे नाही. ती कात टाकत असेल, तिला हलवू नये. शिंगवाल्या अळ्यांना कोषासाठी दमट माती व पाचोळा द्यावा. बाहेर पडणाऱ्या पतंगाला चढायला काडी नसेल, तर पंख चुरगळलेलेच वाळतात.

कधी पतंगाऐवजी परजीवी गांधीलमाशी वा केसाळ माशी निघते. अशी बरणी फेकू नये. माशी, झाड, ठिकाण व तारीख यांची नोंद करावी. कोणत्या अळीवर कोण जगते हे कळायला याहून सोपा मार्ग नाही.